साडेपाच वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढा किडल्यात – उपचार करावेत की पडायची वाट पाहावी?

मुग्धा_माणिकबाग
नमस्कार मंडळी. मुलगी साडेपाच वर्षांची. शाळेतल्या दंततपासणीनंतर घरी चिठ्ठी आली, म्हणून लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला. खालच्या चारही दाढांना कीड आहे. दोन दाढांत वरवर, तिसरीत खड्डा पडलाय आणि चौथीत कीड नसेपर्यंत गेलीये. चौथीचं रूट कॅनाल करून वर स्टीलची टोपी बसवायची आणि बाकीच्यांत सिमेंट भरायचं असं त्यांनी सांगितलंय.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात आज ना उद्या पडणारच, एवढ्याशा जिवाला सुया कशाला टोचायच्या? नवऱ्याचं म्हणणं, डॉक्टर सांगतात तर करून टाकू. मुलगी उजवीकडून चावत नाही आणि थंड काही लागलं की कळवळते, रात्री मात्र नीट झोपते.

पडणाऱ्या दाताचं रूट कॅनाल खरंच करतात का? आणि रोज सकाळी ब्रश होतो, चॉकलेट घरात क्वचितच येतं, तरी एवढी कीड कशी लागली? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

निळू_सदाशिव
पडणार हे खरं, पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, दाढा १० ते १२ च्या दरम्यान. तोवर पोरीने भाकरी कशाने चावायची?

डॉ_सायली_औंध
मुग्धा, मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण तेवढंच सांगते.

निळू यांनी वयाचं बरोबर लिहिलंय. दुधाची दाढ चावण्याखेरीज आणखी एक काम करते. तिच्या खाली पक्का दात तयार होत असतो, त्याची जागा ती राखून ठेवते. मागची दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्यामागे येणारी पक्की दाढ पुढे सरकते. पीएमपीच्या बसमध्ये बाकावर जागा झाली की शेजारचा सरकतो ना, तसंच. मग खालच्या पक्क्या दाताला वर यायला वाट राहत नाही. तो अडकतो नाहीतर वाकडा येतो, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावायची वेळ येते. काढण्याखेरीज इलाजच नसेल तेव्हा आम्ही तिथे स्पेस मेंटेनर, म्हणजे ती जागा राखून ठेवणारं साधन, बसवतो.

दुसरं म्हणजे, किडलेल्या दाढेच्या मुळाशी बराच काळ पू साचला तर खालच्या पक्क्या दाताच्या कवचावर डाग किंवा खळगे राहू शकतात.

म्हणून हो, दुधाच्या दाढेचंही रूट कॅनाल करतात. नसेचा वरचा भागच खराब असेल तर तेवढाच काढून औषध भरतात, सगळी नस गेली असेल तर मुळांपर्यंत साफ करतात. मुळांत जे औषध भरतो ते मुळांबरोबर विरघळणारं असतं, त्यामुळे दाढ पुढे नेहमीसारखी पडते. स्टीलची टोपीही तिच्यासोबतच पडते.

आणखी एक, कारण हे पालकांच्या हमखास नजरेतून सुटतं. सहाव्या वर्षी येणारी ती पक्की दाढ कुठलाही दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप येते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्यावर खोल चिरा असतात, त्यात अन्न अडकतं. ही दाढ जन्मभराची आहे. पुढच्या वर्षभरात दर महिन्याला मोबाइलच्या उजेडात मागे बघत जा. दिसली की चिरा बुजवणारं सीलंट लावून घ्या. त्याला सुई लागत नाही, ड्रिलही नाही.

खरे_काका
मी थोडं विरोधात लिहितो. आमच्या लहानपणी शनिवार पेठेत घरोघरी राखुंडी नाहीतर माकडछाप काळं मंजन असायचं, गावी गेलो की कडुनिंबाची काडी. चार भावंडांत कुणाला दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. आता पाच वर्षांच्या मुलांना रूट कॅनाल! डॉक्टरताई, तुमच्यावर रोख नाही, पण या धंद्यात भीती घालून पैसे काढणारे आहेत, हे तुम्हीही मान्य कराल. मुग्धा, आधी दुसरीकडे दाखव.

भाग्यश्री_वाघोली
काका, दुसरं मत घ्यावं हे शंभर टक्के पटलं. राखुंडीचं नाही पटलं. त्या काळी बिस्किटाचा पुडा रोज घरात नव्हता, दुपारी चारला वेफर्स नव्हते, डब्यात जॅम-ब्रेड नव्हता. भाकरी, भाजी, ताक. दात त्यामुळे टिकले. राखेची भरड पूड दाताचं कवच घासून काढते, पुढे दात शिवशिवायला लागतात.

आणि दात गेलेच नव्हते असंही नाही. माझ्या माहेरच्या तीन आज्या पन्नाशीतच कवळी लावत होत्या.

राघव_कर्वेनगर
+१ भाग्यश्री. मी प्राथमिक शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत डबे बघतो. चार वर्षांपासून बघतोय की केक, क्रीमची बिस्किटं आणि गोड पाव वाढलेत. आणि वाढदिवसाचं चॉकलेट! तीस-पस्तीस मुलांचा वर्ग म्हणजे आठवडाभरात एखादा वाढदिवस ठरलेला. आम्ही पालकसभेत ठराव करून वाढदिवसाला पेन्सिल किंवा पुस्तक द्यायचं ठरवलं. सुरुवातीला कुरकुर झाली, आता मुलंच सांगतात.

डॉ_सायली_औंध
मुग्धा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

दातांवर जो चिकट थर बसतो त्यात जिवाणू असतात. आपण गोड किंवा मैद्याचं खाल्लं की ते त्यातून आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट झरायला लागतं. मग लाळ ते आम्ल हळूहळू मारते आणि निघून गेलेली खनिजं परत बसवते. याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दात दिवसभर झिजतो आणि भरून निघतो, पुन्हा झिजतो, पुन्हा भरतो. मुलगी दर तासाला काही ना काही तोंडात टाकत असेल तर भरून निघायला वेळच मिळत नाही.

म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एक आख्खी आंबा बर्फी खाल्लेली परवडते. तीच बर्फी दुपारभर कुरतडत बसली तर नाही. आणि दाताला चिकटून राहणारे पदार्थ पालक यादीत धरतच नाहीत: चिक्की, मनुका, खजूर, बिस्किटं, बटाट्याचे वेफर्स. वेफर्स खारट म्हणून सुटतात, पण त्यांचा लगदा दाढेच्या चिरांत तासभर बसून असतो.

ब्रश सकाळी होतो, हे उत्तम. पण रात्रीचा जास्त गरजेचा आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते. रात्री दूध पिऊन तशीच झोपत असेल तर ते दूध तोंडात रात्रभर राहतं. दुधातही साखर असते, वर चॉकलेटची पूड घातली असेल तर विचारूच नका. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात असेच काळे होतात.

मुग्धा_माणिकबाग
रात्री झोपताना दूध आहेच, आणि त्यात पूड आहे. शिवाय तिला सर्दीसाठी होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या दिवसातून चार वेळा चालू होत्या बरेच महिने. त्यानेही होतं का?

अनघा_के
होतं. त्या गोळ्या साखरेच्याच असतात आणि जिभेवर विरघळवायच्या असतात. गोड खोकल्याच्या औषधांचंही तसंच. औषध द्यायचंच असेल तर जेवणाच्या वेळी द्या आणि नंतर खळखळून चूळ भरायला लावा.

चिंतामणी_चिंचवड
होमिओपॅथीवर आता पुढची दीडशे उत्तरं येणार, म्हणून आधीच हात जोडतो. त्यासाठी वेगळा धागा काढा मंडळी!

आमच्याकडचा किस्सा सांगतो. मुलगा दाताच्या डॉक्टरांना म्हणाला, "आधी तुमचे दाखवा." त्यांनी खरंच खुर्चीत बसून आ केला, मुलाने टॉर्चने सगळे बघितले, "एक चांदीचा आहे" असं जाहीर केलं आणि मग स्वतः तोंड उघडलं. इतके धीराचे डॉक्टर मिळाले तर मुलांची भीती पहिल्याच दिवशी जाते.

पेठेतली_सुमन
चिंतामणी, किती गोड!

अवांतर आहे, पण लिहिते. आमच्या जुन्नरकडच्या गावात अजून दाढेतले किडे काढून देणारी बाई बाजाराच्या दिवशी येते. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी देते आणि मग वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरे किडे दाखवते. लोक तिला दहा-वीस रुपये देतात आणि महिनाभराने त्यांचा गाल सुजतो. हे थांबायला हवं, मनापासून वाटतं.

राघव_कर्वेनगर
सुमनताई, हे जगभर चालायचं. युरोपात खुरासनी ओव्याच्या बिया जाळायचे. उष्णतेने बी फुटून आतला कोंब बाहेर पडायचा आणि लोकांना तो किडा वाटायचा. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली पुस्तकात स्पष्ट लिहिलं की दातांत असे किडे त्याला दिसलेच नाहीत. पुढे १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर यांनी जिवाणू आणि आम्लाचा संबंध मांडला. मुलांना हा भाग शिकवताना वर्ग एकदम शांत होतो.

भाग्यश्री_वाघोली
गावाकडचंच आणखी एक. मिश्री. बायका दात दुखतो म्हणून भाजलेली तंबाखू हिरडीला चोळायला लागतात, मग दिवसातून पाच-सहा वेळा लावल्याशिवाय चालत नाही. दात वाचत नाहीतच, हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका मानगुटीवर बसतो. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण मिश्री घरीच भाजतात, त्याला कोण अडवणार? घरात कुणी लावत असेल तर रागावू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. हिरडीवर किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा असेल तर उशीर करू नका.

खरे_काका
मिश्रीबद्दल पूर्ण सहमत. माझा प्रश्न फ्लोराइडचा. सगळे फ्लोराइडची पेस्ट वापरा म्हणतात. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे पाण्यातल्या फ्लोराइडने लोकांचे दात पिवळे-तपकिरी झालेत, हाडं वाकलीत. मग तेच पोराच्या तोंडात का घालायचं?

डॉ_सायली_औंध
काका, प्रश्न रास्त आहे. तिथले लोक बोअरचं जास्त फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पितात, ते पोटात जातं. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको ही मर्यादा आहे. पेस्ट आपण थुंकतो. तिचं काम दाताच्या पृष्ठभागावर चालतं. परत बसणाऱ्या खनिजांत फ्लोराइड मिसळलं की तो थर आम्लाला जास्त टिकतो.

प्रमाण मात्र पाळायचं. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त फ्लोराइड चालत नाही आणि आकडा नळीवर छापावा लागतो. तो वाचून घ्या. मुलांच्या कार्टूनवाल्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती विसरा. घासून झालं की फेस थुंकायचा, पण लगेच पाण्याने खळखळून धुवायचं नाही, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्यायचं.

आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईबापाने करायचा. मुलांच्या हाताला तोवर तेवढी सफाई नसते. मुलाला आपल्याकडे पाठ करून उभं करा, डोकं आपल्या पोटाला टेकवा आणि वरून घासा. मागच्या दाढा नीट दिसतात.

भाग्यश्री_वाघोली
डॉक्टर, आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतो, तोही बोअरचा. मग?

डॉ_सायली_औंध
पिण्यासाठी तेच वापरत असाल तर प्रयोगशाळेतून फ्लोराइड तपासून घ्या, सोसायटीने मिळून केलं तर खर्च किरकोळ. पुणे शहरातल्या नळाला खडकवासल्याचं, म्हणजे धरणाचं पाणी येतं, तशा पाण्यात ते सहसा कमीच असतं.

अनघा_के
पैशांबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. रूट कॅनाल आणि टोपी म्हणजे एका दाढेला काही हजार, चार दाढा म्हणजे महिन्याचं गणित कोलमडतं. ज्यांना खासगी दवाखाना झेपत नाही त्यांनी पुण्यातल्या दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत जावं. कात्रज-धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे, वडगावला सिंहगडचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. पदव्युत्तर विद्यार्थी काम करतात, वर अनुभवी डॉक्टर तपासतात. खर्च बराच कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो, एका कामाला दोन-तीन फेऱ्या धरून चाला आणि सकाळी लवकर जा. माझ्या दोन्ही मुलांचं काम असंच झालं, टोप्या अजून घट्ट आहेत.

चिंतामणी_चिंचवड
ही माहिती वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

जयंत_बाणेर
मी वाट पाहणाऱ्यांच्या बाजूचा. आमच्या मुलाची एक दाढ किडली होती, डॉक्टरच म्हणाले लक्ष ठेवू. तीन वर्षं काही झालं नाही, मग पडली. प्रत्येक किडीला ड्रिल लागतंच असं नाही.

डॉ_सायली_औंध
जयंत, बरोबर, आणि हे सांगायला हवंच. कीड कुठल्या टप्प्यावर आहे आणि दात पडायला किती अवधी आहे, यावर सगळं ठरतं. नुसता खडूसारखा पांढरा डाग असेल, खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराइडचं व्हार्निश (दातावर लावायचा लेप) आणि खाण्याच्या वेळा सांभाळून तो थांबतो, भरूनही येतो. खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही, पण तिथेही पर्याय आहेत. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं द्रव आहे, ३८ टक्क्यांचं. थेंबभर लावलं की बहुतेकदा कीड जागच्या जागी थांबते, सुई नाही, ड्रिल नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग कायमचा काळा होतो, एवढं आधी कळायला हवं. मागच्या दाढेला कोण बघतंय!

दुसरा पर्याय स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखला जातो. कीड न कोरता थेट वरून स्टीलची टोपी बसवतात. आतल्या जिवाणूंची रसद तुटते आणि कीड थांबते.

पण हे दोन्ही नस निरोगी असेल तरच. रात्री आपोआप ठणका, हिरडीवर पुळी किंवा पू, एक्स-रेमध्ये मुळाशी काळा भाग, यातलं काही असेल तर नाही.

पेठेतली_सुमन
दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

डॉ_सायली_औंध
सुमनताई, बऱ्याचदा दुखणं थांबतं ते नस मेल्यामुळे. जिवाणू आतच असतात, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही महिन्यांनी गाल सुजतो. मेडिकलमधून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून सूज उतरते, पण सुजेचं कारण आतच राहतं. लवंगेच्या तेलाने तासभर बधिर होतं, तेवढाच त्याचा उपयोग. हिरडीवर वेदनाशामक गोळी ठेवू नका, कातडी भाजते.

जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर दंतवैद्याची वेळ घेत बसू नका. रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा. मूल असो वा मोठं माणूस.

मुग्धा_माणिकबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं (खरे काका, तुमचं ऐकलं). त्यांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून प्रत्येक दाढ समजावली. वरवर कीड असलेल्या दोघींना द्रव लावून थांबवता येईल म्हणाले, तिसरीला सिमेंट. चौथीबद्दल दोन्ही डॉक्टरांचं मत एकच, नस गेलीये, रूट कॅनाल आणि टोपी. सासूबाई सोबत आल्या होत्या. मागून येणारी पक्की दाढ एक्स-रेत दिसली, तशा त्याच म्हणाल्या, "मग करून घेऊ या." पुढच्या शनिवारी सुरुवात. रात्रीचं दूध आता जेवणाबरोबर, पूड बंद, आणि ब्रश त्यानंतर मी करते. पहिले दोन दिवस रडारड, मग आजी गोष्ट सांगते आणि मी घासते असं जमलंय.

खरे_काका
छान झालं. पोरीला माझ्याकडून पुस्तक पाठवतो.

निळू_सदाशिव
धागा मुलांचा आहे, पण डॉक्टर इथे आहेत तर विचारून घेतो. आई ७२ वर्षांची. आयुष्यभर दात उत्तम. गेल्या दोन वर्षांत हिरडीच्या कडेला एकदम पाच-सहा दात किडले. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. या वयात अचानक असं का?

डॉ_सायली_औंध
आईंचं तोंड कोरडं पडतं का? रात्री पाणी प्यायला उठतात का? बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते, मधुमेहानेही होते. त्यात हिरड्या खाली सरकल्या की दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्यासारखं कठीण कवच नसतं, ते लवकर किडतं. कोरड पडते म्हणून दिवसभर तोंडात खडीसाखर किंवा गोळी ठेवायची सवय असेल तर आधी ती सोडवा. त्याऐवजी साधं पाणी थोडं थोडं, किंवा झायलिटॉलची बिनसाखरेची गोळी. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तोंडाच्या कोरडेपणाबद्दल जरूर सांगा, कधी कधी पर्याय असतो. साखरेचा ताजा रिपोर्ट घेऊन दंतवैद्याकडे जा. काही महिन्यांनी एकदा फ्लोराइड व्हार्निश लावून घेतलं तर उरलेले दात वाचवता येतील.

निळू_सदाशिव
खडीसाखर! डबी उशाशीच असते. आज बोलतो आईशी.